मागून ओढलेली जर्सी

मॅच संपायला अर्धं मिनिटही उरलं नव्हतं. भोरचा संघ दोन गुणांनी पुढं होता आणि वेल्ह्याच्या प्रेरणानं मैदानाच्या मधोमध चेंडू हिसकावून घेतला. तिच्यापुढं कोणीच नव्हतं. ती बास्केटच्या दिशेनं सुसाट निघाली. मागं भोरची दीपमाला धावत होती, पण ती काही गाठणार नव्हती, हे सिमेंटच्या पायऱ्यांवर बसलेल्या पोरापोरींनाही दिसत होतं.

सारिका शिट्टी तोंडात धरून त्या दोघींच्या बाजूनंच पळत होती. मॅचची मुख्य पंच तीच होती. तेवढ्यात भोरच्या बाकावरून त्यांचे प्रशिक्षक धुमाळ सर उठले आणि ओरडले, "धर तिला."

दीपमालानं हात लांब केला, प्रेरणाची जर्सी पाठीवर मुठीत धरली आणि मागं ओढली. चेंडूकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. प्रेरणाचे पाय पुढं गेले, अंग मागं आलं आणि ती उजव्या हातावर पडली.

सारिकानं शिट्टी फुंकली आणि मूठ वर केली.

नुसती मूठ वर केली तर तो साधा फाऊल. चेंडूसाठी झटताना धक्का लागला, हात लागला, असा. पण चेंडू सोडून मुद्दाम माणसालाच धरलं, तर पंचानं वर केलेल्या हाताचं मनगट दुसऱ्या हातानं धरून दाखवायचं असतं. पोरं त्याला इंटेन्शनल म्हणतात. भोरच्या संघाच्या फाऊलची मर्यादा आधीच संपली होती, त्यामुळं साध्या फाऊललाही वेल्ह्याला दोन फ्री थ्रो मिळणारच होते. पण इंटेन्शनल दिला असता, तर दोन फ्री थ्रोनंतर चेंडूही वेल्ह्याकडंच राहिला असता. बरोबरी करायची आणि वरून जिंकायचीही संधी मिळाली असती.

सारिकाचा दुसरा हात छातीपर्यंत आला होता. त्याच वेळी तिनं बाकाकडं पाहिलं. धुमाळ सर तिच्याकडंच बघत होते. रागानं नाही, धाकानं नाही. त्यांच्याकडं शिकताना ती फ्री थ्रो मारायला उभी राहायची, तेव्हा बघायचे तसे.

तिनं हात खाली घेतला.

दुसरा पंच पुण्याहून आलेला तरुण मुलगा होता. लांबून त्यानं स्वतःचं मनगट धरून तिला खुणेनं विचारलं, तो का? तिनं मान हलवली. नाही, साधाच.

प्रेरणा उठली. हात झटकत लाईनवर येऊन उभी राहिली. पहिला थ्रो आत गेला. दुसरा रिंगच्या कडेला लागून बाहेर आला आणि तो चेंडू दीपमालानंच उडी मारून धरला. वेळ संपली. भोर एका गुणानं जिंकलं.

वेल्ह्याच्या रेणुसे मॅडम बाकावरून अर्धवट उठल्या होत्या. त्यांनी सारिकाकडं पाहिलं आणि परत खाली बसल्या. तक्रार कोणीच केली नाही. सारिकाला वाटत होतं, कोणीतरी यावं आणि भांडावं.

*

धुमाळ सर नसते तर सारिकाच्या तोंडात ती शिट्टी कधी आलीच नसती. तिचे वडील रामभाऊ गवंडीकाम करायचे. पोरीनं हाफ पँट घालून खेळणं त्यांना पटत नव्हतं. धुमाळ सर भोरच्या त्यांच्या घरी तीन-चार वेळा येऊन बसले होते. वस्तीतल्या घरात चहा पिताना कोणी शिक्षक कप हातात नुसता धरून बसायचे, पण सर दुसरा कप मागायचे. सारिका नागपूरच्या शिबिराला गेली ती त्यांच्या शब्दावर. पुढं नोकरी लागली, लग्न होऊन ती किकवीला गेली, तेव्हाही सर म्हणाले, "पंचाची परीक्षा दे. मैदानात बाईची शिट्टी वाजली पायजे." तिनं दिली. तालुक्यात तरी तेव्हा दुसरी बाई पंच नव्हती.

सर येत्या मे महिन्यात निवृत्त होणार होते. हा करंडक त्यांच्या कॉलेजला कधी मिळाला नव्हता.

बक्षीस समारंभात सारिका खुर्च्यांच्या मागच्या रांगेत उभी राहिली. दीपमाला करंडक घ्यायला गेली तेव्हा तिनंही टाळ्या वाजवल्या. सगळं आटोपल्यावर सर गर्दीतून वाट काढत तिच्याकडं आले. तिच्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "लाज राखलीस पोरी."

म्हणजे त्यांनाही कळलं होतं. ती वाकून त्यांच्या पाया पडली, कारण तेवढा वेळ तरी तोंड दाखवावं लागणार नव्हतं.

*

भोरच्या स्टँडवर कापूरहोळची एसटी लागलेली नव्हती. कंट्रोलर म्हणाला, गाडी बंद पडलीय, दुसरी येईल तेव्हा येईल. सारिका बाकड्यावर बॅग मांडीवर घेऊन बसली. शिट्टी अजून गळ्यातच होती. ती काढून तिनं बॅगेत तळाशी टाकली.

रस्त्यावर एक टेम्पो येऊन थांबला. मागच्या हौद्यात वेल्ह्याच्या मुली बसल्या होत्या. रेणुसे मॅडमनी कठड्यावरून वाकून हाक मारली, "सारिका मॅडम, किकवीला ना? या की, कापूरहोळपर्यंत सोडतो. तिथनं तुम्हाला वडापची जीप मिळंल."

"नको, एसटी येईल आता."

"कुठली येतीय. या, लाजू नका. गेनू, जरा फळी खाली कर रे."

ड्रायव्हर गेनू उतरला, त्यानं मागची फळी उघडली. एका मुलीनं सारिकाच्या हातातली बॅग घेतलीसुद्धा. नाही म्हणायला काही कारण सुचेना. सारिका चढली.

मुलींनी सतरंजी घडी करून तिच्यासाठी जागा केली. त्या स्वतः पत्र्यावर बसल्या. टेम्पो निघाला. कोणीतरी कागदाच्या पुडीतून भेळ काढली आणि पहिली मूठ तिच्या हातात दिली. समोरच प्रेरणा बसली होती, ओल्या ओढणीत गुंडाळलेला हात पोटाशी धरून. मनगटाजवळ सूज ओढणीबाहेरही दिसत होती.

"डॉक्टरला दाखवलं का?" सारिकानं विचारलं.

"नसरापूरला दाखवतो जाताना," रेणुसे मॅडम म्हणाल्या. "मुरगळला असंल. पोरगी रडली न्हाई बघा. दुसरा थ्रो चुकला म्हणून तेवढी रडली."

मुली हसल्या. प्रेरणाही हसली. हरलेल्या संघाच्या गाडीत असते तशी सुरुवातीची शांतता कधीच संपली होती. कोणी पास सोडला होता, कोणाच्या बुटाचा तळ निघाला होता, यावरून त्या एकमेकींना चिडवत होत्या. एकीनं दीपमालाबद्दल काहीतरी पुटपुटलं, तशी रेणुसे मॅडम तिच्यावर डाफरल्या.

"ते न्हाई बोलायचं. पंचांनी दिलं ते दिलं. मी काय सांगितलं होतं येताना? बाई पंच आहेत, इतक्या माणसांत उभं राहून निर्णय देतात, नीट बघा. खेळ सुटला तरी असं काही करता येतं." मग सारिकाकडं वळून म्हणाल्या, "मला दोन मिनिटं वाटलं होतं, विचारावं तुम्हाला येऊन. मग म्हटलं, मॅडम जवळ होत्या, आपण लांब. त्यांना दिसलं ते खरं."

सारिकाच्या हातातली भेळ तशीच होती. तिनं एक घास तोंडात टाकला.

टेम्पो चढाला लागला. नदी मागं पडली. उन्हं उतरली होती आणि वारा गार लागत होता. प्रेरणा थोडी पुढं सरकली.

"मॅडम, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"मलापन पंचाची परीक्षा द्यायचीय. पुढच्या वर्षी. मी मोबाईलवर नियम वाचते रोज. त्यात असं दिलंय, पुढं कोण नसताना मागनं धरलं तर तो दुसरा फाऊल असतो. मनगटाचा. मग आज तो का नव्हता, ते सांगा की. म्हंजी मला नीट कळंल."

बाकीच्या मुली वळल्या. भांडायला नव्हे, ऐकायला. रेणुसे मॅडमही जरा पुढं वाकल्या.

सारिका म्हणाली, "ती अगदी मागं नव्हती. तुझ्या खांद्याच्या रेषेत आली होती. बाजूला. आणि तिचा हात चेंडूकडं जात होता, तू वळलीस म्हणून जर्सीत अडकला. तुला मागचं दिसत नव्हतं, म्हणून तुला ओढल्यासारखं वाटलं."

हे सगळं तिच्या तोंडून सहज, एका दमात बाहेर पडलं. वर्गात शिकवताना बोलतात तशा आवाजात. तिचं तिलाच नवल वाटलं.

प्रेरणानं डोळे मिटून तो प्रसंग आठवून पाहिला. मग मान डोलावली. "व्हय. मी वळले असंल. लेफ्टला जायचं म्हणून वळतेच मी." ती मैत्रिणींना म्हणाली, "मी म्हणत व्हते ना, माझंच काहीतरी चुकलं असंल. सरळ पळायला पायजे व्हतं."

"तरी मी तुला सांगते, सरळ पळ म्हणून," दुसरी म्हणाली.

"आता ध्यानात ठेवीन."

ती खरंच ध्यानात ठेवणार होती, हे सारिकाला दिसलं. पुढच्या मॅचला ही पोरगी न वळता पळेल, आणि उद्या पंच झाली तर असाच फाऊल दुसऱ्या कोणाच्या पाठीवर झालेला बघून साधा देईल. मैदानात केलं ते तरी एका क्षणात झालं होतं. हे सारिकानं बसून, विचार करून, भेळ खाता खाता केलं होतं. तिला कानापर्यंत गरम झालं. वारा इतका गार होता तरी.

कापूरहोळचे ढाबे दिसू लागले. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज येऊ लागला. आणखी थोडं गप्प बसलं असतं तर उतरून जाता आलं असतं.

"प्रेरणा," ती म्हणाली, "मी आत्ता सांगितलं ते खोटं आहे."

प्रेरणाला नीट ऐकू आलं नाही. "काय, मॅडम?"

"तू वळली नव्हतीस. सरळच पळत होतीस. तिनं मागून जर्सी धरून ओढलं. चेंडूकडं तिचं लक्षही नव्हतं. मला दिसलं होतं. तो इंटेन्शनलच होता. मी दिला नाही."

गेनूनं पुढं रेडिओ लावला होता, तेवढाच काय तो आवाज.

"का?" रेणुसे मॅडमनी विचारलं.

"धुमाळ सर माझे गुरू आहेत." हे बोलताना तिला ते किती हलकं वाटलं. "ते धर म्हणाले, तेही मी ऐकलं होतं. म्हणजे शंका नव्हतीच काही."

रेणुसे मॅडम मागं सरकून बसल्या. मग म्हणाल्या, "हे तिथं बोलायचं असतं, मॅडम. मैदानात. हितं टेम्पोत बोलून आमच्या पोरींनी काय करायचं?"



"तुमचं मन मोकळं झालं असंल," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "ह्या चार महिने पहाटे उठून यायच्या. म्या त्यांच्या आयांना शब्द दिला व्हता." मॅडमचं बोलणं आता पार गावाकडचं झालं होतं. "आणि मी बावळट, तुमचंच कौतुक सांगत बसले."

प्रेरणानं फक्त एवढंच विचारलं, "मग मघाशी खोटं कशाला सांगितलं? मी तर शिकायला विचारलं व्हतं."

टेम्पो थांबला. गेनू उतरून मागं आला, त्यानं फळी उघडली. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. "या मॅडम, सावकाश. पुन्हा असंल मॅच तर सांगा, आपली गाडी हायेच," तो म्हणाला. सारिका उतरली. बॅग कोणी हातात दिली नाही, तिनंच ओढून घेतली. टेम्पो नसरापूरच्या दिशेनं गेला. ती ढाब्याच्या कडेला उभी राहिली आणि मग लक्षात आलं की मूठभर भेळ अजून हातातच आहे.

*

दुसऱ्या दिवशी तिनं स्पर्धेच्या पंचप्रमुखांना पुण्याला फोन केला आणि झालं ते सांगितलं. ते चिडले. निकालपत्रावर सह्या झाल्यावर काही बदलता येत नाही, म्हणाले. हे तिलाही माहीत होतं. "तुम्ही हे कशाला सांगितलंत मला? आता मला तुम्हाला काढावं लागेल." या मोसमात तिला एकही मॅच मिळणार नाही, असं त्यांनी सांगितलं. तिनं बरं म्हटलं.

मग ती धुमाळ सरांकडं गेली. सर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. करंडक कॉलेजात न ठेवता दोन दिवसांसाठी त्यांनी घरी आणला होता, नातवंडांना दाखवायला. तो दाराच्या आत स्टुलावर दिसत होता. तिनं सांगितलं, मी पुण्याला कळवलंय.

सरांनी चष्मा काढून पुसला. "म्या तुला काय सांगितलं व्हतं का, फाऊल देऊ नको म्हणून?"

"नाही, सर."

"धर म्हणलं ते पोरीला म्हणलं. सगळेच म्हणतात. त्याला पंच असतो. शिट्टी तुझ्या तोंडात व्हती." ते थांबले. "माझ्या नावावर घालू नको."

त्यात काही चूक नव्हतं. हेच तिला सगळ्यात जास्त लागलं. काल डोक्यावर ठेवलेला हात त्यांना आठवत होता की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. त्यांनी चहा घे म्हटलं नाही. ती निघाली. मे महिन्यात त्यांच्या निरोप समारंभाचं बोलावणं आलं नाही. जुन्या सगळ्या खेळाडूंना आलं होतं.

*

प्रेरणाच्या हाताला बारीक फ्रॅक्चर निघालं, हे सारिकाला दुसऱ्या कोणाकडून तरी कळलं. एका रविवारी ती प्रेरणाच्या गावी, पालीला गेली. राजगडाला निघालेल्या ट्रेकरांच्या गाड्या रस्त्यावर लागल्या होत्या. विचारत विचारत ती घरापाशी पोहोचली.

प्रेरणाची आई सगुणाबाई नाचणी निवडत होती. कोण, कुठल्या, हे अर्धवट ऐकूनच ती लगबगीनं उठली. "कालिजच्या मॅडम व्हय? बसा की. प्रेरणा, अगं मॅडम आल्यात बघ." तिनं घोंगडी टाकली. चूल पेटवली. "कोण एवढ्या लांब येतंय आजारी पोरीला बघाया. लई उपकार झालं."

प्रेरणा आतून आली. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. तिनं सारिकाला पाहिलं आणि दारातच थांबली.

"लिहायचा हात," सगुणाबाई म्हणाली. "परीक्षेला लिहाया माणूस घेणार हायेत. पाय घसरून पडली म्हणं. खेळात व्हतंच असं, न्हाई का मॅडम?"

सारिकानं प्रेरणाकडं पाहिलं. प्रेरणा जमिनीकडं बघत होती.

"होतं," सारिका म्हणाली.

चहा आला, बिनदुधाचा, गूळ घातलेला. सगुणाबाई समोर बसून ती पिते का बघत होती. जाताना तिनं पिशवीभर वालाच्या शेंगा दिल्या. नको म्हणून ऐकेना. सारिकानं घेतल्या.

प्रेरणा रस्त्यापर्यंत सोडायला आली. घर दिसेनासं झाल्यावर म्हणाली, "आईला खरं सांगितलं न्हाई मी. मुद्दाम पाडलं आणि पंचानं सोडलं म्हणलं असतं, तर परत खेळाया पाठवलं नसतं तिनं."

"मी सांगू का तिला?"

"नको." मग ती म्हणाली, "तुमी आलात, ते ठीक. पण परत येऊ नका मॅडम. आई तुमचं कौतुक करंल आणि मला ते ऐकत बसाया लागंल."

सारिका म्हणाली, "नाही येणार." माफी मागायची म्हणून ती आली होती. शब्दही ठरवून आणले होते. पण आता ती ते बोलली असती, तर त्यालाही काहीतरी उत्तर या पोरीलाच द्यावं लागलं असतं. तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. प्रेरणा वळून घराकडं गेली.

*

पुढच्या मोसमात सारिकाला परत मॅच मिळू लागल्या. आधी नुसतं टेबलावर गुण लिहिण्याचं काम, मग शिट्टी. दिवाळीनंतर विभागाच्या स्पर्धेआधी पंचांची बैठक होती. एका शाळेच्या वर्गात सगळे बाकांवर बसले होते, बहुतेक पुरुष. पंचप्रमुख मॅच वाटत होते. त्यांनी उपांत्य फेरीसाठी तिचं नाव घेतलं.

"भोर किंवा वेल्ह्याची मॅच असेल तर मला नको," ती म्हणाली.

"का? काय अडचण?" प्रमुखांना माहीत होतं. पण ते बाकीच्यांसमोर बोलायची वेळ तिच्यावर येईल, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

घरची अडचण आहे, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"मागच्या वर्षी त्यांच्या फायनलला मी जाणूनबुजून चुकीचा निर्णय दिला," ती म्हणाली. "भोरच्या बाजूनं. एका मुलीचा हात मोडला."

एक-दोघांनी मोबाईल काढले. पुढच्या बाकावरचा एक वयस्क पंच मागं वळला, तिला एकदा पाहिलं आणि पुन्हा पुढं बघू लागला. पुण्याचा तो तरुण पंच, ज्यानं तेव्हा लांबून मनगट धरून विचारलं होतं, तोही खिडकीजवळ बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

प्रमुखांनी ती मॅच दुसऱ्याच्या नावावर लिहिली. सारिकाला त्यांनी मुलांच्या पहिल्या फेरीतली, सकाळची मॅच दिली. तिनं वेळ आणि मैदान लिहून घेतलं.

बैठक संपल्यावर सगळे चहाला खाली गेले. ती जरा मागं राहिली आणि मग तीही उतरली.